टॅग कोणी काढला?

अन्याय माझ्या मोठ्या बहिणीवर झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पहिल्या पाळीत, जेवणाची सुट्टी संपल्या संपल्या तिचा उजवा हात लोखंडी प्लेट वाकवायच्या मशीनमध्ये गेला. पण मी अन्याय म्हणते तो त्याच्या नंतरचा. त्याच संध्याकाळी, ती अजून भुलीच्या गुंगीत होती तेव्हा, दवाखान्याच्या व्हरांड्यात तिचा सुपरवायझर आमच्या बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अंकल, टॅग बिटिया ने खुद ही निकाल दिया होगा. जल्दी में हो जाता है."

त्या एका वाक्यानं तिचं काय नेलं, ते सांगायचं तर मला एका खेळापासून सुरुवात करावी लागेल. कॉम्प्युटरवरच्या खेळापासून. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मी कामगार संघटनेची पत्रकं लिहिते आणि कारखान्यांच्या गेटवर उभी राहून वाटते. ती हिंदीत असतात, कारण वाचणारे सगळे हिंदीतले. हे मराठीत लिहिते आहे. भिलाईत आमची मराठी घराच्या दाराच्या आत बोलली जाते, बाहेर पाऊल टाकलं की आम्ही हिंदीत शिरतो. आणि ही गोष्ट दाराच्या आतली आहे.

बाबा भंडाऱ्याकडचे. शेती सोडून इकडे आले, स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवली, आणि रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून कुरुदला दोन खोल्या बांधल्या. ताईच्या डिप्लोमासाठी म्हणून जुना कॉम्प्युटर आणला होता, तो समोरच्या खोलीत टीव्हीच्या जागी बसला. तिच्या वर्गातल्या कुणीतरी तिला तो खेळ दिला. खेळ रॉकेटचा. सुटे भाग असतात, इंधनाच्या टाक्या, इंजिनं, पंख, पॅराशूट, वर अंतराळवीर बसायची कुपी. ते एकावर एक जोडायचे, कोणता भाग कधी पेटणार आणि कधी गळून पडणार ते ठरवायचं, मग लाँचपॅडवर नेऊन स्पेसबार दाबायचा. बाकी सगळं वजनाचं आणि जोराचं गणित. ते चुकलं की रॉकेट तुमच्या डोळ्यांसमोर फुटतं.

आमचं पहिलं रॉकेट फुटलं नाही. ते उडालंच नाही.

कारण साधं होतं. आम्ही लोखंडाच्या गावच्या पोरी. जे टिकतं ते जाड असतं, एवढंच आम्ही लहानपणापासून पाहिलेलं. रॉकेट जरा हललं की आम्ही त्याला आडवा टेकू लावायचो. टेकू हलला की टेकूला टेकू. बाबा चहाचा कप घेऊन मागे उभे असायचे आणि क्रेनच्या केबिनमधून सांगावं तसं सांगायचे, "डावीकडे हलून राहिलं ते. अजून एक गर्डर लाव." लावला. स्पेसबार दाबला. सगळी इंजिनं पेटली, धूर झाला, आणि रॉकेट जागच्या जागी उभं राहून इंधन संपेपर्यंत जळत राहिलं.

बाबांनी चहाचा कप रिकामा केला. मग म्हणाले, "हे रॉकेट व्हय का भट्टी?"

"तुमीच तर गर्डर लावाले लावले बाबा," ताई म्हणाली.

"मी क्रेनवाला आहो वो. मले उचलणं समजते, उडणं नाही समजत."

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "तिघायनंबी उडा आता, भात होऊन राहिला."

त्या दिवसानंतर ताईनं उलटी पद्धत धरली. रॉकेट उडवायचं, उतरवायचं, आणि एक भाग काढायचा. एकच. पुन्हा उडवायचं. काय काढल्यावर ते पडतं, ते कळेपर्यंत काढत राहायचं. मला हे सहन व्हायचं नाही. मी म्हणायचे, पाच गोष्टी एकदम बदलू, वेळ वाचेल. ती मान न वळवता म्हणायची, "मग पडलं तर कशानं पडलं हे कोण सांगणार? तुझा बाप?"

"माझा बाप तुझाबी बाप आहे."

"म्हणूनच विचारून राहिली. तो गर्डर सांगन."

त्या खेळात एक सोय असते. रॉकेट कोसळलं, आतले मेले, की एक बटन दाबायचं, आणि सगळं उड्डाणाच्या आधीच्या घडीला परत येतं. रॉकेट उभं, माणसं जिवंत. मी ते बटन सर्रास दाबायचे. बाबांनी एकदा पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हे काय केलं तू?"

"मागं नेलं बाबा. पुन्हा ट्राय करू."

"मेला ना तो माणूस? मी पाहिला."

"खेळातला आहे तो."

"असन खेळातला. मेला तो मेला. असं बटन दाबून जिता करशील तर तू काही शिकणार नाही, पुन्हा मारशील." आणि ते आत गेले. आम्हाला वाटलं रागावले. पण ते कपाटातून एक गोष्ट घेऊन आले आणि मॉनिटरच्या कोपऱ्याला अडकवली. लाल पुठ्ठ्याचं कार्ड, वर भोक, त्यात सुतळी. त्यावर हिंदीत छापलेलं, काम चालू है, मशीन न चलाएँ. खाली नाव लिहायची रेघ.

ज्यांच्या घरात कुणी कारखान्यात नाही त्यांच्यासाठी सांगते. मशीनमध्ये हात घालायच्या आधी तिचा स्विच बंद करतात आणि स्विचवर आपल्या नावाचा लाल टॅग लटकवतात. अर्थ इतकाच, की माझा जीव आत आहे. तो टॅग ज्यानं लावला त्यानंच काढायचा. दुसऱ्या कुणीही नाही, मोठ्यातला मोठा साहेब आला तरी नाही. बाबा एकदा टॅग काढायला विसरून घरी आले होते. त्यांच्या पाळीचं काम संपलेलं, मशीन दुरुस्त, सगळी माणसं बाहेर. तरी पुढच्या पाळीनं स्विचला हात लावला नाही. एक माणूस स्कूटरवर आमच्या क्वार्टरला आला, बाबांना जेवत्या ताटावरून उठवलं, मागे बसवून नेलं, बाबांनी स्वतःच्या हातानं टॅग काढला, आणि मग मशीन सुरू झालं. बाबांना भरपूर शिव्या बसल्या. ते हा किस्सा अजून अभिमानानं सांगतात.

तर आमच्या घरातही तो कायदा लागू झाला. ताईचं रॉकेटचं काम अर्धवट असेल तर मॉनिटरवर टॅग. टॅग लटकतोय तोवर स्पेसबारला कुणी हात लावायचा नाही. आणि मागे नेणारं बटन बंद. मेला तो मेला.

एकदा ती पद्मनाभपूरला मावशीकडे लग्नाला गेली आणि चार दिवस तिकडेच राहिली. टॅग इकडे लटकलेला. रॉकेट तयार दिसत होतं, मला बोट आवरेना. फोन केला.

"ताई, टॅग काढू का वो? फक्त उडवून पाहते."

"नाही."

"अवं पण सगळं झालं ना त्याचं?"

"झालं का नाही ते मले माहीत. मी आल्यावर काढन."

"तोवर तुझे आतले लोक उपाशी मरतील."

"त्यायले भूक नाही लागत. तुले लागते. जेवून घे."

मी चार दिवस रुसून राहिले, पण टॅगला हात लावला नाही. ती आली, चपलाही न काढता मॉनिटरपाशी गेली, पॅराशूटचा क्रम तपासला, चुकीचाच होता, तो नीट केला, आणि मग टॅग काढला. मी तिथं होते. मी तिला हे शंभरदा करताना पाहिलं आहे. ती घाईत असताना, आजारी असताना, डिप्लोमाची परीक्षा तोंडावर असताना. टॅग काढायच्या आधी ती दोन्ही हात वर करून दाखवायची, माझे हात बाहेर आहेत अशा अर्थानं. खेळात. जिथं हात जायचाच नव्हता.

पुढे आमचं रॉकेट खेळातल्या चंद्रापर्यंत पोचलं. उतरलं, पण परत येण्याइतकं इंधन उरलं नाही. अंतराळवीर तिथं अडकला. दुसऱ्या कुणी बटन दाबून मागे नेलं असतं. आमच्याकडे ती वाट बंद होती. ताई म्हणाली, "आणू त्याले." आणि त्याला आणायचं रॉकेट ती बनवायला बसली. ते हलकं हवं होतं, जाताना एक जागा रिकामी हवी होती, परतीचं इंधन वेगळं हवं होतं. तेवढ्यात तिला नोकरी लागली.

जामुलच्या रस्त्याला एक खाजगी वर्कशॉप. नाव लिहीत नाही, नावानं काही फरक पडत नाही, अशी वर्कशॉपं तुमच्या गावाजवळही असतील. मेंटेनन्समध्ये ती पहिली मुलगी. टॅग तिथंही होते. ऑफिसबाहेरच्या खिळ्याला पाच-सहा टॅग नवे कोरे लटकलेले, तपासणीला कुणी आलं तर दिसावेत म्हणून. ताईनं ते वापरायला काढले. पहिल्या आठवड्यात ती घरी येऊन हसत सांगायची.

"मले म्हणते, मॅडम, टॅग लगाने से मशीन डरती है क्या?"

"मग तू काय म्हटलं?"

"म्हटलं, मशीन नहीं डरती, आप डरो."

बाबा ऐकून खूश झाले. "बराबर," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "कुलूप नाही देत का तिकडे? टॅगसंगं कुलूप लागते आता."

"कुलूप मागितलं बाबा. मंगाते हैं म्हणाले."

कुलूप आलं नाही. टॅग म्हणजे शेवटी पुठ्ठा. तो काढायला ताकद लागत नाही, फक्त आत कोण आहे ते न पाहण्याची सवय लागते.

त्या दिवसाबद्दल ताईनं शुद्धीवर आल्यावर जे सांगितलं ते असं. माल निघायचा होता, सगळे घाईत होते. मशीनच्या रोलरवर लोखंडाचे पापुद्रे साचले होते, ते काढायचे होते. तिनं स्विच बंद केला, टॅग लावला, नाव लिहिलं, आत वाकली. जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा ऐकला. मग रोलर फिरला. हे तिनं मला, आईला, बाबांना, नर्सला, सगळ्यांना एकाच शब्दांत सांगितलं. तेव्हा तिला एकही शंका नव्हती.

टॅग नंतर कुठं सापडला ठाऊक आहे? ऑफिसबाहेरच्या खिळ्यावर. तिच्या नावासकट, आपल्या जागी. म्हणजे तिनं तो काढला, पाच पावलं चालून खिळ्याला लावला, परत आली, मशीन चालू केली आणि चालत्या मशीनमध्ये हात घातला. हे त्यांचं म्हणणं. मी त्या गेटवर कितीतरी दिवस उभी होते. पाळीतल्या एकेकाला विचारलं. प्रत्येक जण चहाला गेला होता. सगळेच्या सगळे चहाला, तर मशीन कुणी चालवली? चहावाल्यानं? एक जण माझ्याकडे न पाहता म्हणाला, "दीदी, हमारे भी बच्चे हैं." मी त्याच्यावर ओरडले. आज ओरडणार नाही, पण त्याला माफही केलेलं नाही.

दवाखान्याचा खर्च मालकानं केला, तो मी नाकारत नाही. टेबलावरचं काम देऊ असंही म्हणाला. त्याच्या बदल्यात कुणी काही लिहून मागितलं नाही. मागायची गरजच नव्हती. त्यांचं ते वाक्य आमच्या घरात स्वतःच्या पायांनी फिरायला लागलं होतं. भेटायला येणारे संत्री घेऊन यायचे आणि तेच बोलायचे. "ध्यान रखना था बेटा." "मुलींनी असल्या कामात पडूच नये." आमची मावशी, जी ताईवर जीव टाकते, तीही म्हणाली, "एवढी हुशार पोरगी, अशी कशी वो चूक केली?"

ताई सगळ्यांचं ऐकत राहिली. मनगटाच्या पुढं काही नाही त्या हातावर ओढणी घेऊन. आणि तिचं बोलणं हळूहळू बदलत गेलं. आधी होतं, "मी टॅग लावला होता." मग एक दिवस मला विचारलं, "लावला होता ना वो मी?" जणू मी तिथं होते. मग, "लावला असनच." आणि दिवाळी जवळ आली तेव्हा, भाजी निवडणाऱ्या आईला, सहज, "माझंच चुकलं असन."

मी म्हटलं ना, त्या वाक्यानं काहीतरी नेलं. हे नेलं. एकेक भाग काढून रॉकेट तपासणारी माझी बहीण. तिची खात्री तिच्याच पद्धतीनं काढून घेतली, दर भेटीला एक भाग, ती पडेपर्यंत.

कॉम्प्युटरकडे ती फिरकत नव्हती. मॉनिटरवर टॅग तसाच होता, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं लावलेला. चंद्रावरच्या त्या माणसाला आणायचं रॉकेट अर्धवट होतं. आम्ही कुणी त्या टेबलाला हात लावला नव्हता.

दिवाळीच्या साफसफाईत आईनं हात लावला. सकाळची वेळ, दारं उघडी, सतरंज्या अंगणात. मी शिडीवर होते. ताई डाव्या हातात चहाचा कप घेऊन आतून आली आणि दारातच थांबली.

"टॅग कोणी काढला?"

मी शिडीवरून वळून पाहिलं. तो आवाज मी दोन महिन्यांत ऐकला नव्हता. तो तिचा जुना आवाज होता. मोठाही नव्हता. ज्याला उत्तर द्यावंच लागतं असा.

"अवं मीच काढला," आई म्हणाली. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्यात टॅग. "धूळ पुसाले काढला. हे घे."

ताईनं कप खाली ठेवला. टॅग घेतला. डाव्या हातानं सुतळी मॉनिटरच्या कोपऱ्यात अडकवायला लागली. निसटली. पुन्हा अडकवली, पुन्हा निसटली. मी शिडीवरून उतरू लागले तर बाबांनी दारातून हातानंच थांबवलं. शेवटी अडकली. मग ती खुर्चीत न बसता तिथंच फरशीवर बसली आणि ढसाढसा रडली. दवाखान्यात रडली नव्हती ती.

"एवढं काय वो माय," आई तिच्याजवळ बसून म्हणत होती, "माझं चुकलं, मले का माहीत? चुकलं वो माझं."

बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "अन् वर्कशॉपवाले म्हणते, हिनं काढला." मग अंगणात जाऊन सतरंज्या झटकू लागले. फार जोरानं झटकत होते.

मला वाटलं, झालं. आता सुटली ही. संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "ताई, ऐकलं ना तू स्वतःलेच? टॅग हलला तर तुले दारातून दिसते. तू काढशील का?"

तिनं ओढणी हातावर नीट ओढून घेतली. मग म्हणाली, "घरची गोष्ट वेगळी आहे वो. तिकडे घाई असते."

"घाईत तू कधी काढला का? एकदा तरी?"

"तू होती का तिकडे?" ती माझ्याकडे पाहून म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारत होती. "पक्कं सांगू शकते का, की मी नाही काढला?"

मी गेटवर शेकडो लोकांसमोर बोलते. तिला मात्र 'नाही' म्हणावं लागलं. मी तिथं नव्हते. मला तिच्या सवयी ठाऊक आहेत, तिचे दोन्ही वर केलेले हात ठाऊक आहेत, फोनवरून दिलेला नकार ठाऊक आहे. पण मी तिथं नव्हते. जो होता तो चहाला गेला होता म्हणतो.

ती आता कॉम्प्युटर असलेल्या खोलीत येते, बसत नाही. अर्धवट रॉकेट पॅडवर उभं आहे, टॅग लटकतो आहे. तो चंद्रावरचा अजून तिथंच आहे. मी स्पेसबार दाबू शकते. दाबणार नाही. तो टॅग माझा नाही.

आईला कबूल करायला एक क्षणही लागला नाही, एवढंच मला दिवसरात्र आठवतं. हातात फडकं, हातात टॅग, आणि "अवं मीच काढला." इतकं सोपं वाक्य आहे ते. त्या वर्कशॉपमध्ये ते एकानंही म्हटलं नाही, आणि त्या एका न म्हटलेल्या वाक्यापायी माझी बहीण ते स्वतः म्हणायला लागली आहे.

म्हणून आता तुमच्याकडे वळते. त्या दुपारी तुम्ही तिथं असाल, तर कुरुदला आमच्या घरी या. मला काही सांगू नका, पोलिसांनाही नका सांगू हवं तर. तिच्यासमोर उभे राहा आणि तिला सांगा. आणि तिथं नसाल, तर तुमच्या घरात, नात्यात, शेजारात कुणाचा हात, पाय, जीव मशीननं नेला आणि कुणी खांद्यावर हात ठेवून म्हणालं की चूक त्याचीच होती, तर मान हलवू नका. संत्री खाली ठेवा आणि तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर विचारा, टॅग कोणी काढला? उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका.